चौथं माणूस

१

श्यामलाबाई गायधनींनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण घरातली माणसं मोजायला लागल्या की हमखास एक कमी भरायचं. पोळ्यांची कणीक भिजवताना, नाटकाची तिकिटं काढताना, नवरा, लेक, जावई, आलागेला पाहुणा, सगळे बरोबर धरायच्या आणि स्वतःला तेवढं विसरायच्या. मग कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अगं बाई, मी राहिलेच की!" चिंतामणराव यावरून इतकी वर्षं त्यांची थट्टा करत आले होते, की आता थट्टा संपून नुसती सवय उरली होती.

निघायच्या दिवशीही तेच झालं. लेक अपूर्वा आणि जावई अमोल पोर्तुगालहून दिवाळीला नाशिकला आले होते, आणि परत जाताना या दोघांनाही घेऊन जाणार होते. कशाला, तर शिडाच्या बोटीतून अटलांटिक महासागर ओलांडायला! दर नोव्हेंबरात ऐंशी-नव्वद लहानमोठ्या बोटी कॅनरी बेटांवरून एकदम सुटतात आणि तीन आठवड्यांनी पलीकडे कॅरिबियनला लागतात. शर्यत म्हणायची तर कोणाला घाई नसते. जत्राच म्हणा ना. चिंतामणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गंगापूर धरणाच्या पाण्यात शीड हाकायला शिकलेले. ते तर एका पायावर तयार होते. श्यामलाबाईंना पोहायलासुद्धा येत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही तिघं तिकडे समुद्रात आणि मी इथे कॉलेज रोडला बसून मोबाईलवरचा ठिपका बघत बसू? त्यापेक्षा बरोबर येते आणि तुम्हाला करून घालते."

सकाळी सगळे सोमेश्वरला दर्शनाला गेले. परतताना चपला घालायला श्यामलाबाई मागे राहिल्या. मान वर करून बघतात तर पुढे पायऱ्यांवरून तिघं चाललेले, नवरा, लेक, जावई. त्यांच्या काळजात चर्र झालं. एवढ्या मोठ्या कामाला निघायचं आणि तिघांनी? तिघांनी निघू नये, निघालंच तर बरोबर एक खडा घ्यावा. खडा म्हणजे चौथं माणूस. काम पार पडलं, सुखरूप पोचलं, की तो टाकून द्यायचा. त्यांनी नदीकाठचा एक चपटा काळा खडा उचलला, पदराने पुसला आणि पर्समध्ये टाकला.

गाडीत त्यांनी हे सांगितल्यावर अपूर्वा हसून हसून लोळायची बाकी राहिली. "आई, अगं स्वतःला धर ना! चारच आहोत आपण!"

"आता पाच झालो मंग," अमोल म्हणाला. "दगडाचं बी तिकीट काढू का?"

"अगं बाई, मी राहिलेच की!" श्यामलाबाई म्हणाल्या आणि स्वतःही हसल्या. खडा खिडकीतून टाकून द्यावा असं एकदा मनात आलं त्यांच्या. पण एकदा घेतलेला खडा पोचल्याशिवाय टाकायचा नसतो, म्हणून तो राहिला.

२

बोटीचं नाव 'बेदाणा'. अमोलचं घर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागाईतदारांचं. बोट घेतली तेव्हा त्याच्या आजीला, भागीबाईंना, फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या पाण्यात हे एवढंसंच? बेदान्यावानी दिसतंय." तेच नाव पडलं.

एवढ्याशा बेदाण्यात संसार मात्र सगळा होता. आत शिरायला पाच पायऱ्यांची उभी शिडी. खाली उतरलं की डाव्या हाताला ओटा, बोटीबरोबर झुलणारी शेगडी, वर जाळीत टांगलेले कांदे-बटाटे-संत्री. उजव्या हाताला नकाशाचं टेबल आणि रेडिओ. पुढच्या टोकाला अपूर्वा-अमोलची केबिन, मागे म्हाताऱ्यांची. झोपताना कडेला कापड बांधून घ्यायचं, नाहीतर कूस बदलायच्या आत माणूस जमिनीवर. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि मग एका मगभर गोड्या पाण्यात विसळायची. सकाळी डेकवर येऊन पडलेले उडते मासे चिंतामणराव नाक दाबून परत समुद्रात सोडत, आणि अमोल हळहळून म्हणे, "बाबा, तळले असते हो."

श्यामलाबाईंना पहिले तीन दिवस उलट्यांनी काही सुचलं नाही. चौथ्या दिवशी त्या उठल्या, ओट्याला पाठ टेकवून कमरेला पट्टा बांधला आणि मुगाची खिचडी टाकली. तेव्हापासून बोटीला घरपण आलं असं अमोलने जाहीर केलं. त्यांना स्वतःलाही ते सगळं आवडायला लागलं होतं. मागून येणारा वारा, फुगलेलं शीड, बाप-लेकीची दोराच्या गाठीवरून दिवसभर चाललेली वादावादी. नाशकातून नणंद उज्वला रोज निरोप धाडायची, "आज तुमचा ठिपका वाकडा का गेला?" त्यावर चिंतामणराव चिडून दोन-दोन पानं उत्तर लिहायचे.

अपूर्वा कप्तान. तिने फ्रिजवर पहाऱ्यांचा तक्ता लावला होता. कोण कधी वर बसणार, कधी झोपणार, सगळं त्यात. दुपारी बारा ते चार ही जागा तिने मोकळी सोडली, कारण तेव्हा सगळेच जागे असतात. चिंतामणरावांना रिकामा रकाना बघवेना. त्यांनी तिथे पेन्सिलीने लिहिलं, 'चौथं माणूस.'

"घ्या. तुझ्या दगडाला काम दिलं," ते म्हणाले.

श्यामलाबाईंचं नाव तक्त्यावर कुठेच नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्याला कसला आलाय पहारा!

बरोबर बारा वाजता रेडिओवर हजेरी व्हायची. एकेक बोट आपला ठावठिकाणा सांगायची. मग अपूर्वा सांगायची, "बेदाणा. बोटीवर चार माणसं. सगळे खुशाल." हे ऐकलं की श्यामलाबाई वाढायला घ्यायच्या.

३

आठव्या दिवशी सकाळी त्यांना जरा उशिरा जाग आली. वेणी घालत बाहेर येतात तर अमोल पहारा संपवून खाली उतरत होता, हातात रिकामा कप.

"आई, च्या लय भारी झालाय आज. गवती चहा टाकला का?"

"मी कुठे केला अजून?"

"करा चेष्टा," म्हणत तो झोपायला गेला.

ओट्यावर थर्मास भरलेला होता. श्यामलाबाईंनी ओतून घेतला, घोट घेतला. त्यांच्याच हाताचा चहा. तोच रंग, तेवढीच साखर. गवती चहाची पुडी त्यांनी तांदळाच्या डब्याच्या मागे, रुमालात बांधून ठेवली होती. ती कोणालाच माहीत नव्हती. त्यांनी हात घालून बघितलं. पुडी जागेवर होती, पण गाठ नुकती मारलेली दिसत होती.

अपूर्वाला विचारलं. "मी आत्ता उठतेय, आई." चिंतामणरावांना विचारायचा प्रश्नच नव्हता. लग्नाच्या अडतीस वर्षांत त्यांनी फक्त आधण उतू घालवलं होतं. म्हणजे अमोलने केला असणार आणि वर मस्करी करतोय, असा हिशेब त्यांनी बसवला. जावई चहा करतो म्हणजे गुणाचाच म्हणायचा.

पण दुसऱ्या दिवशी ताटांचं झालं. श्यामलाबाईंची जुनी खोड, सगळ्यांना वर नेऊन वाढायचं आणि आपण नंतर खाली ओट्याशी बसायचं. त्या दिवशी त्यांनी तिघांना वाढलं, पातेलं झाकलं, जरा डोळे मिटून पाच मिनिटं टेकल्या. उठल्या तेव्हा पातेलं रिकामं होतं. बादलीत ताटं घासून, विसळून उभी करून ठेवली होती. एक, दोन, तीन, चार.

त्या अजून जेवल्याच नव्हत्या.

"आई, थँक यू हं," वरून अपूर्वाचा आवाज आला. "आज आमच्याबरोबर बसलीस, किती बरं वाटलं. रोज बसत जा ना."

श्यामलाबाईंच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. जेवून उठायची आणि म्हणायची, मला कोणी जेवायला घातलं नाही. पंचाहत्तरीत झालं होतं तिचं. आपण तर आत्ता बासष्टच्या. पण घराण्यात असलं म्हणजे वेळ सांगून थोडंच येतं? त्यांच्या पोटात भूक होती, चांगली कडकडून. तरी त्यांनी दोन बेदाणे तोंडात टाकले आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. भर समुद्रात लेकीच्या डोक्याला हा घोर कशाला!

४

मग त्यांनी गणिताच्या बाईंनी करावं तसं केलं. रोज आपण काय काय केलं ते एका चिठोऱ्यावर लिहायला लागल्या. सहा वाजता उठले. चहा केला. साडेसातला उपमा. संध्याकाळी चिठोरं वाचायचं आणि बाकीच्यांच्या बोलण्याशी ताडून बघायचं.

दरवेळी बाकीच्यांकडे जास्त भरायचं. चिंतामणरावांच्या फाटलेल्या शर्टाला बटण लागलेलं, अमोलच्या उशाशी घडी केलेले कपडे, अपूर्वाच्या डोक्याला तेल लावून दिलेलं. "काय मस्त झोप लागली गं आई त्यानंतर," ती म्हणाली. चिठोऱ्यावर तेलाचं नाव नव्हतं. श्यामलाबाईंच्या तळव्यांना वासही नव्हता.

अकराव्या दिवशी अपूर्वाने बोटीची नोंदवही पुढे केली. "आई, तू कधी शिकलीस हे? वारा, दिशा, सगळं बरोबर लिहिलंयस."

दुपारी बारा ते चारच्या रकान्यात दर तासाची नोंद होती, गेले चार दिवस. अक्षर श्यामलाबाईंचं. ते गोलसर, शाळेच्या फळ्यावर घोटलेलं अक्षर त्यांनी अंधारातही ओळखलं असतं.

"बघून बघून शिकले," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बाबा, बघा! आईने चौथ्या माणसाचं काम घेतलं!"

त्या दुपारी जेवणं झाल्यावर ऊन असं काही चढलं, की तिघंही एकेक करून खाली आले आणि आडवे झाले. अमोल म्हणाला, "वर कुणी हाय ना?" आणि अपूर्वा अर्धवट झोपेत म्हणाली, "आई आहे." श्यामलाबाई त्या वेळी त्यांच्यापासून चार हातांवर, ओट्याशी, लसूण सोलत उभ्या होत्या. त्या 'मी इथे आहे गं' म्हणणार, तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली.

सावकाश, अनवाणी. मागून पुढे गेली, डोलकाठीपाशी थांबली, परत मागे आली. मग दोर ओढायच्या चरखीची कटकट झाली, तीन-चार वेढे. बोट जरा सरळ झाली, शेगडीचं झुलणं थांबलं. सुकाणूजवळच्या बाकावर कोणीतरी टेकल्याचा आवाज आला, आणि टेकताना "आई गं" म्हणून एक बारीक सुस्कारा. गुडघे दुखणारी बाई टाकते तसा.

श्यामलाबाईंनी लसणाची पाकळी हातात धरून केबिनकडे बघितलं. पुढे दोघं झोपलेले. मागे चिंतामणराव घोरत होते. दोर सैल झाला असेल, आपोआप फिरली असेल चरखी. लाकूड तापलं की वाजतं; घरी दुपारी कपाटं वाजतात तसं. असं त्यांनी स्वतःला चारदा समजावलं. पाच पायऱ्या चढून बघायची मात्र छाती झाली नाही. संध्याकाळी नोंदवहीत दोन वाजताची ओळ होती. 'शीड थोडं आवळलं. मुलं झोपली आहेत.'

५

तेराव्या दिवशी दुपारी पावसाची सर आली. समुद्रावरची सर म्हणजे दहा मिनिटांचा तमाशा; पण त्या दहा मिनिटांत वारा वेडापिसा होतो. अपूर्वा ओरडत वर पळाली. सुकाणू अमोलने धरलं, दोर चिंतामणरावांनी. ती शीड उतरवायला पुढच्या टोकाला गेली, आणि घाईत कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा राहिला.

श्यामलाबाई खाली कुकर काखेत धरून कोपऱ्यात घट्ट बसल्या होत्या. शिडीवरून पाण्याचे लोट आत येत होते. बोट एकदम आडवी झाली. वर अमोलची किंकाळी ऐकू आली, "अपूर्वा!" आणि मग काहीच नाही, नुसता पाऊस.

त्या क्षणाबद्दल श्यामलाबाईंना नंतर एवढंच आठवायचं, की आपण देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. कोणीतरी धरा तिला, कोणीतरी धरा, एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं.

सर ओसरली. अपूर्वा शिडीवरून खाली आली ती थेट त्यांच्या गळ्यात पडली.

"आई, तू धरलंस म्हणून... मी गेलेच होते गं. दोन्ही पाय बाहेर होते माझे. केवढी ताकद गं तुझ्या हातात!"

तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. चार बोटं आणि अंगठा. श्यामलाबाईंनी त्या वळांवर आपला हात ठेवून बघितला. तंतोतंत बसला.

लेक गळ्यात पडेपर्यंत त्यांचे कपडे कोरडे होते. कुकर अजून काखेत होता. पण लेक जिवंत होती, आणि त्यांनी तिला इतकं घट्ट आवळलं, की ती म्हणाली, "आई, दुखतंय." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी देवापुढे उदबत्ती लावली आणि जे कोणी वर असतं त्यालाही हात जोडले. माझी पोर राखलीस, आणखी काय हवं? भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला माया जास्त होती.

६

सोळाव्या दिवशी मात्र त्यांनी बघितलं.

दुपारी दोनचा सुमार. अपूर्वा आणि अमोल पुढच्या केबिनमध्ये झोपले होते. दार उघडं होतं, दोघांचे पाय दिसत होते. श्यामलाबाई मागे आडव्या झाल्या होत्या, शेजारी चिंतामणराव नव्हते. वरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पुरुषमाणूस एकटाच बडबडतोय म्हणून त्यांना हसू आलं. संत्र्याचा वास येत होता. त्या उठून शिडीशी आल्या आणि मान वर केली.

चिंतामणराव सुकाणूजवळच्या बाकावर पाय पसरून बसले होते. त्यांचा डावा हात कोणाच्या तरी खांद्यावर होता. पाठमोरी बाई. निळ्या फुलांचा सुती गाऊन, खांद्यावरून पुढे घेतलेली पांढुरकी वेणी, मानेवर तेलाने चिकटलेले दोन केस. गाऊन श्यामलाबाईंचा होता. त्याच्या पाठीवर त्यांनीच लावलेलं ठिगळ होतं.

अडतीस वर्षांत चिंतामणरावांनी चारचौघांत कधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता.

"येवल्याला पैठणी घ्यायला गेलो होतो, आठवतं?" ते म्हणत होते. "एसटी चुकली, स्टँडवर चार तास बसलो. मी दोन वडापाव खाल्ले. तुला विचारलंसुद्धा नाही तू काही खाल्लंस का ते. आज इतक्या वर्षांनी आठवलं बघ. इथे बसलं की सगळं आठवतं."

त्या बाईने मान हलवली आणि हळूच हसली. श्यामलाबाईंचं हसू असंच होतं, तोंडातल्या तोंडात.

अपूर्वाने माझा गाऊन घातला असेल, असं एक मन म्हणालं. त्यांनी मागे वळून पाहिलं. पुढच्या केबिनमध्ये चारही पाय होते. दोन लेकीचे, दोन जावयाचे. वर नवरा. तीन झाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, श्यामलाबाईंनी चौथं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. आणि मी. चार.

मग ती कोण?

त्यांच्या हातातून शिडीची कड सुटली, बांगडी वाजली. वरच्या बाईने बोलणं ऐकता ऐकता मान वळवायला सुरुवात केली. गालाची कड दिसली, कानातली कुडी दिसली. श्यामलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा चिंतामणराव एकटे होते, तोंड उघडं टाकून झोपलेले. बाकावर संत्र्याच्या सालींच्या दोन ढिगल्या होत्या.

७

आता मात्र त्यांनी ठरवलं. उपकार झाले, मान्य. लेकीचा जीव राखला, त्याचे पांग जन्मात फिटायचे नाहीत. पण घर माझं आहे. नवरा माझा, पोरं माझी. एवढ्या मायेने बोलायला लागली आहेत ती माझ्याशी बोलायला हवीत, माझ्या पाठीमागे दुसऱ्याच कोणाशी नव्हे. मीच मला मोजलं नव्हतं म्हणून ती जागा रिकामी राहिली. आता मोजते. पोचायच्या आत खडा टाकू नये म्हणतात, म्हणू देत. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत टाकते.

दुसऱ्या दिवशी जेवणं व्हायच्या आधी त्यांनी पर्स काढली. आतला कप्पा उघडला. चार वाळूचे कण होते. त्यांनी पर्स उलटी करून झटकली, कपडे उपसले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"काय शोधतेयस?" चिंतामणरावांनी विचारलं.

"अहो, तो खडा. सोमेश्वरचा."

ते काळजीने शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "श्यामला, तो तू टाकलास ना काल. संध्याकाळी, वर. मी शेजारी उभा होतो."

"मी? काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, आता याची गरज नाही, चौघं भरलो." त्यांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "दमली आहेस तू. नाशकाला गेलो की एकदा दाखवून येऊ डॉक्टरांना. काही होत नाही. मी आहे."

किती वर्षांनी मायेने बोलला हा माणूस, म्हणून श्यामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, की थोपटताना त्याचा हात आपल्या हाताला नीटसा लागतच नाहीये. झोपेत मुंगी चालावी तेवढंच जाणवतंय.

बारा वाजले. रेडिओवर अपूर्वाने सांगितलं, "बेदाणा. बोटीवर चार माणसं. सगळे खुशाल." श्यामलाबाईंनी चार ताटं वाढून वर दिली. स्वतःसाठी पाचवं काढायला गेल्या, तर कपाट रिकामं. बोटीवर मुळात चारच ताटं होती.

८

विसाव्या दिवशी, ऐन दुपारी, जमीन दिसली.

पहिल्यांदा अमोल ओरडला, "आलं! आलं वो बाबा, हिरवंगार हाय!" मग धावाधाव, हसणं, चिंतामणरावांचं सद्गदित होऊन नाक शिंकरणं. त्यांना धरणाच्या भिंतीवर उभं राहिल्यासारखं वाटत होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. श्यामलाबाई खाली होत्या. शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या. पोचल्यावर तोंड गोड करायचं त्यांनी कधीचं ठरवलं होतं. रवा भाजल्याचा वास त्यांना येत नव्हता. शेगडी पेटली आहे का तेही धड कळत नव्हतं. पण हात चालू होता.

"आई!" वरून अपूर्वाची हाक आली. आनंदाने नुसती फुललेली. "आई, लवकर ये ना, बेट दिसतंय!"

श्यामलाबाईंनी कालथा ठेवला, पदराला हात पुसला, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"आले गं," वर कोणीतरी म्हणालं.

"ये, इथे माझ्याजवळ बस. बाबा, तुम्ही आईच्या शेजारी. अमोल, तू फोन धर, हात लांब कर. सगळे मावतोय का? बाबा, तुम्ही, आई, अमोल आणि मी. झाले चार."

खाली शिडीशी उभ्या राहून श्यामलाबाईंनी सगळा जीव घशात गोळा केला. बासष्ट वर्षांत कोणाकडे न मागितलेलं त्यांनी मागितलं.

"अपू, मी राहिले गं! मला मोज!"

वरचं हसणं क्षणभर थांबलं.

"खाली कोणी बोललं का?" चिंतामणराव म्हणाले.

"नाही हो," त्यांच्या शेजारून श्यामलाबाईंचा आवाज मायेने म्हणाला. "भांडी हलली असतील. मी बघते नंतर. तुम्ही हसा बरं नीट."

सगळे हसले, आणि अमोलने फोटो काढला.